आत गेलेले प्रतिपिंड

थांबा, मित्रांनो, जरा श्वास घेऊ द्या. प्रतिपिंडाला श्वास नसतो हे मला ठाऊक आहे. तरीही.

हं. आता नीट सुरुवात करते.

मी एक जुने प्रतिपिंड आहे. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत राहते. खरे तर कुपीत आम्ही असंख्य आहोत, पण सगळ्यांची ओळख एकाच गोष्टीशी, म्हणून ‘मी’ म्हणते.

ती गोष्ट म्हणजे शेपटी. तुमच्या नाकातल्या काही पेशींच्या भिंतीत वास पकडणारी प्रथिने बसलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. त्यांचे तोंड भिंतीबाहेर, शेपटी आत. माणसांनी अशा एका ग्राहीच्या शेपटीचा तुकडा सशिणीला टोचला. तो परका पाहुणा ओळखायला तिच्या रक्ताने जे घडवले, ते मी. तिचे रक्त उबदार होते. पुढे ऊब फारशी वाट्याला आली नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. नाकाच्या अस्तराचे पातळ काप काचेवर ठेवत आणि वर माझा थेंब सोडत. कापात सगळे उघडेच. मी पटकन शेपटी धरी. मग मला चमकणारे रसायन चिकटवत आणि हिरवे ठिपके उजळत. “काय कामाची आहे ही कुपी!” असे म्हणत.

मग ते काम संपले. मी फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात, बर्फाखाली.

बर्फ खरवडून मला काढले ते ताईने. ती संशोधक. बशीत वाढवलेल्या पेशींकडून ती माझाच ग्राही बनवून घेई आणि त्यांना वास देई. कापूर दिला, व्हॅनिला दिला, सडक्या अंड्याचा वासही दिला. वर्षे गेली, पेशी ढिम्म. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “मेलेला ग्राही आहे तो. शुक्रवारी हे काम बंद.”

“निदान तो तिथे आहे का, एवढं तरी बघते,” ताई म्हणाली.

ग्राही भिंतीत असतो, म्हणून तिने भिंतीला धक्का लागू दिला नाही. मला पेशींवर सोडले. सगळीकडे गुळगुळीत, बंद भिंत! मी नुसती घरंगळले आणि धुऊन गेले. सूक्ष्मदर्शकात काळोख.

“ही पण गेली,” म्हणत तिने कुपी टाकाऊच्या डब्यावर धरली. मला? डब्यात?

शेजारच्या टेबलावर ज्याला सगळे मास्तर म्हणत, तो तिचा सहकारी होता. “अगं, ही धरते काय?”

“शेपटी.”

“आणि शेपटी असते कुठे?”

ताईने कुपी डब्यावरून मागे घेतली.

“दार लावून घेतेस आणि वर म्हणतेस, आत का येत नाही!”

“तू तोंड बंद ठेव रे,” ती म्हणाली, पण कान लाल झाले होते.

तिने नव्या बशीतल्या पेशींच्या भिंतीला साबणासारख्या द्रावणाने बारीक छिद्रे पाडली. मी आत शिरले आणि—

शेपट्या. शेपट्याच शेपट्या! जिथे प्रथिने तयार होतात तिथेच ढिगाने अडकलेल्या. मी धरत सुटले. मग भिंतीकडे पाहिले.

एकही नाही.

पुन्हा पाहिले. एकसुद्धा नाही!

“अगं बाई,” ताई सूक्ष्मदर्शकातून पुटपुटली. मग ओरडली, “मास्तर, आधी ही दुसरी बशी बघ. हिच्यात ग्राही बनवलेलाच नाही.”

“काळोख आहे. म्हणजे कुपी उगीच उजळत नाही.”

“आता ही बघ. सगळे घरातच बसलेत रे! बाहेर कोणी पोचलंच नाही.”

“म्हणजे एवढी वर्षं तू कापूर हुंगवलास तो—”

“कोऱ्या भिंतीला.” ती म्हणाली. “हसू नकोस.” आणि स्वतःच हसू लागली, डोळे पुसत.

तिने मॅडमना फोन लावला. “शुक्रवारचं राहू द्या, मॅडम. तो मेलेला नाही. आपण त्याला विचारलंच नव्हतं.”

मित्रांनो, मला सारखे वितळवून गोठवू नका; त्याने मी मोडते. मी काय धरते ते विचारून मगच मला कामाला लावा. आणि कोणी उत्तर देत नसेल, तर तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला का, ते आधी पाहा. मी आत जाऊन आले आहे. आत फार गर्दी होती.