झिपरीला भादरताना

मी एक जुनी कातर आहे, मेंढ्यांची लोकर कापणारी. मित्रांनो, आटपाडीच्या एका लोहाराने मला घडवले आणि बिराप्पांच्या हाती दिले. तीस वर्षे आम्ही दोघांनी मिळून मेंढ्या भादरल्या. "बिराप्पाच्या कातरीनं कातडीला कदी दात लावला न्हाई," असे लोक म्हणत, तेव्हा माझी पाती उगीचच चकाकत. मग कालव्याचे पाणी आले, माळावर डाळिंबे लागली, मेंढरे विकली गेली. मी पडवीतल्या खुंटीला टांगलेली राहिले. गंज आधी माझ्या टोकांवर चढला, मग सांध्यात उतरला.

यंदा फाल्गुनात बिराप्पांची नात प्रांजल प्राणिशास्त्राची पदवी घेऊन कराडहून घरी आली. सोबत जाळीच्या पेटीत गिनी पिगची दोन पिल्ले होती. कापशी आणि झिपरी, सख्ख्या बहिणी. वय तीन महिने, पण केस जमिनीला टेकलेले.

"उंदीर हायत का घुशी?" बिराप्पांनी विचारले.

"आज्जा, गिनी पिग हायत ती."

"आन् शेपूट कुटं ठिवलं? कराडात?"

कापशी हातावर येऊन खायची. झिपरी मात्र माणसाची सावली पडली तरी खोक्यात दडायची. ती विंचरू देईना, म्हणून तिच्या मागच्या बाजूला केसांची जट झाली होती. ती जट मुताने सतत ओली राहायची. जट काढली नाही तर खालची कातडी चिघळेल, माशा बसतील, असे प्रांजल म्हणाली. तेवढे ऐकून बिराप्पा उठले. ऊन तापण्याआधी जनावर भादरायचे, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी मला खुंटीवरून काढले, दगडावर घासले, तेल दिले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

प्रांजल डाळिंबाच्या बागेत गेली होती. बिराप्पांनी झिपरीला वरून उचलले आणि मेंढीला धरतात तसे मांडीत उताणे घेतले. मेंढी अशी धरली की धडपड सोडून देते. झिपरीही एकदम गप्प झाली.

"बग गं, कशी शानी पोर हाय," ते मलाच म्हणाले. मी हवेतच एकदा 'कच्' केले. एवढ्यात प्रांजल दारात आली.

"आज्जा, सोडा तिला! शानी न्हाई, भ्यालीया ती. भ्याली की ही जनावरं अशी थिजत्यात."

झिपरीला ओरखडाही नव्हता. पण त्या दिवशी तिने काडी तोंडाला लावली नाही. गिनी पिगच्या पोटात सतत काही ना काही जावे लागते. एक दिवसाचा उपासही जिवावर बेतू शकतो. कापशी ढबू मिरची कुरतडत होती आणि झिपरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी जटेखालची कातडी अजून धड असल्याचे पाहिले, औषध दिले, ठरावीक वेळाने पातळ चारा पिचकारीने भरवायला सांगितले. प्रांजलने भरवायला घेतले, पण निम्मा चारा झिपरीच्या तोंडाबाहेरच सांडला.

"आन हिकडं," बिराप्पा म्हणाले. "बिनआयची कोकरं जगवल्यात म्या. फकस्त हिला धरायचं कसं, त्ये तू सांग."

एक हात छातीखाली, दुसरा मागून आधाराला, पाय टेकलेले. प्रांजलने दाखवले आणि म्हातारा नातीकडून शिकला. दोन दिवस थेंबाथेंबाने चारा गेला. तिसऱ्या दिवशी झिपरीने कोथिंबिरीची काडी स्वतः ओढली. बिराप्पांनी डोळे पुसले.

"आज्जा, रडताय व्हय?"

"कोथमीर तिकाट हाय गं," ते म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. बिराप्पा रोज जमिनीवर बसत, तळहातावर कोथिंबीर ठेवून. हात हलवायचा नाही. नवव्या दिवशी झिपरीने त्या हातावर पुढचे दोन पाय ठेवले. पुढे फणी आली. आधी केसांच्या टोकांना, मग हळूहळू मुळांकडे. आणि मी? ती खात असताना प्रांजलच्या हातात मी लांब कोपऱ्यातून हवेत 'कच्' करायची. ती दचकली की आम्ही तिथेच थांबायचो. दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. कळपच्या कळप भादरणारी मी, त्या एवढ्याशा जटेपर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले.

शेवटी प्रांजलने कातडी आणि जट यांच्यामध्ये फणी सरकवली. फणीच्या वरून मी बिराप्पांच्या हातात चालले. झिपरीच्या काळजाची धडधड मला पात्यात जाणवत होती. कच्. कच्. जट गळून पडली. झिपरी खातच राहिली. मग अचानक ती जागच्या जागी टुणकन उडाली आणि बिराप्पांनी दचकून मला पाठीमागे लपवले.

"लागलं का काय तिला?"

"न्हाई, आज्जा. लय खूश झाली की अशी उडत्यात ही."

"मग उडू दे की," म्हणत ते तिथेच बसून राहिले.

मित्रांनो, घरी एखादे पिल्लू आले तर त्याला उचलण्याआधी त्याच्याजवळ खाली बसा. ते गप्प असेल तर निवांत आहे की भेदरले आहे, हे जाणत्याला विचारा. मग तो जाणता तुमच्याहून लहान का असेना. आमच्यासारख्या अवजारांना तेल द्या, धार द्या, पण घाई देऊ नका. हात पुढे करा आणि थांबा. त्याला वेळ लागेल. लागू द्या.