मोटारस्टँडावरचे कर्णे

“उतर खाली, सहादेव! न्हाईतर तंगडं मोडीन!” कापडवाला रंगनाथ खालून ओरडला. सहादेवाला ते नुसतं त्याच्या तोंडावरून कळलं. जामखेडच्या मोटारस्टँडावर बाजारच्या दिवशी चार दुकानांचे चार कर्णे एकमेकांच्या उरावर बसून केकाटत होते. त्यात माणसाचं काय ऐकू येणार, कप्पाळ!

खांबावरच्या सहादेवानं पक्कड तारेला लावली. हे चारही कर्णे त्यानंच बसवलेले. लग्नाला, उरुसाला कर्णे लावणं हाच त्याचा धंदा. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक थेट दुकानात यावं म्हणून व्यापाऱ्यांनी कर्ण्यांची तोंडं स्टँडाकडं करायला सांगितली, आणि या शहाण्यानं केली. एकाचा आवाज वाढला की दुसरा यायचा, “माजा बी वाढव.” हा वाढवायचा. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मागच्या महिन्यात त्याची बायको छबूबाई भाकरी घेऊन स्टँडावर आली. पाठीमागून गाडी मागं येत होती, कंडक्टर जीव खाऊन शिट्टी फुंकत होता. तिला ऐकूच गेली नाही. चाकाखालून तिला काढली तेव्हाही कर्णा लुगड्यांचे भाव सांगत होता.

तेरावं उरकून सहादेव दुकानोदुकानी हात जोडत फिरला. “तोंडं दुकानात वळवा, आवाज बारीक ठिवा. अजून कुनाचा जीव जाईल.” जो तो म्हणे, आधी रंगनाथशेठचा काढ. आणि रंगनाथ म्हणाला, “बायकू तुजी मेली, माजा धंदा का मारतूस?”

तिथंच सहादेवाचं टाळकं सटकलं होतं. आता त्यानं रंगनाथाच्या कर्ण्याची तार तोडली. कर्णा गप्प झाला. रंगनाथानं पाय धरून त्याला खाली ओढलं. कर्ण्यासकट तो दगडावर आदळला. उठला तो कर्णा रंगनाथाच्या थोबाडावर हाणूनच. दोन दात मातीत पडले. मग दुकानातल्या गड्यांनी सहादेवाचे हात मागं आवळले, आणि रंगनाथानं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला.

“आवाज सोसत न्हाई व्हय तुला? घे!” एक या कानावर, एक त्या कानावर. पुन्हा, पुन्हा.

भाजीवाली साळूबाई मधे पडली. “आरं मुडद्या, त्याची बायकू गेली ती कमी झाली व्हय?”

रक्त बघून बाकीच्या तिघा दुकानदारांनी मुकाट्यानं आपापले कर्णे बंद केले.

सहादेव खांबाला टेकून बसला. समोर एक गाडी मागं येऊ लागली. कंडक्टरनं शिट्टी तोंडाला लावली, त्याचे गाल फुगले. बोचकं घेऊन पाठमोरी उभी असलेली म्हातारी दचकली, वळली आणि बाजूला सरली.

“वाजली का गं, साळूआक्का?” सहादेवानं विचारलं.

“वाजली की रं,” साळूबाई म्हणाली. तो तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग तिच्या ध्यानात आलं. पदर डोळ्यांना लावून तिनं नुसती मान हलवली.

सहादेवानं पक्कड खिशात घातली आणि तुटलेली तार गुंडाळायला घेतली.