बिनधाग्याच्या मिरच्या

मित्रांनो, चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चुलीवरची भाकर उलटणारा लांबडा चिमटा येईल. मी त्याच्याच भावकीतला, पण फार धाकटा. वीतभरसुद्धा नाही मी. टोकं मात्र अशी बारीक, की डोक्यावरचा एक केस धरून दाखवीन. मिरचीच्या कळ्या सोलणारा मी एक जुना चिमटा आहे. एका अंगाला थोडा वाकलो आहे, अंगावर डाग पडले आहेत. बरेच महिने कुणी पुसलं नव्हतं. आज पुसलं, म्हणून बोलतो आहे.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. पोलादाची पट्टी कापली, मधोमध दुमडली, टोकं घासली, की झालो. खोकंभर भावंडांसोबत मी देऊळगाव राजाच्या बाजूच्या एका गावात आलो. ते खोकं आणणारा सहदेव हा एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस. आमच्या भागात शेताशेतांत हिरव्या जाळीचे मोठाले मांडव दिसतात. त्यांना शेडनेट म्हणतात. आत मिरची असते, पण ती खायची नव्हे, बियांची.

ते काम तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं दुःख कळायचं नाही. कळी उमलायच्या आदल्या दिवशी ती धरायची. माझ्या टोकांनी पाकळ्या अलगद काढायच्या. आत निळसर परागाच्या पिशव्या असतात, त्या वेचायच्या, आणि मधल्या हिरव्या दांड्याला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग आणून त्या दांड्याला लावायचे आणि देठाला लोकरीचा धागा बांधायचा. धाग्याची मिरची पिकली की तिचं बी कंपनी घेते. ज्या कळ्या नजरेतून सुटतात, त्यांना आपापलीच मिरची धरते. तिला धागा नसतो. ती कितीही लालबुंद असो, तोडून खड्ड्यात पुरायची. तिचं बी मिसळलं तर सगळ्या मालाची जात बिघडली.

सहदेवने मला रुपालीच्या हातात दिलं. रुपाली म्हणजे उकंडराव आणि अंबूबाईंची सून, गोपालची बायको. बारावीनंतर लग्न झालं आणि पुस्तकं माहेरी राहिली. शेडनेट टाकायचा हट्ट तिचाच. उकंडराव म्हणाले होते, जाळीत काय शेती होते का, ते मच्छरदाणीतलं काम आहे. तरी पाइप उभे राहिले, जाळी ताणली गेली, आणि त्या मांडवाला गावात रुपालीचा प्लॉट म्हणू लागले. घरातली पहिली वस्तू, जिला तिचं नाव लागलं.

ती मला अंबाड्यात खोचून शेतात जायची. मित्रांनो, मला देव्हाऱ्यात ठेवलं असतं तरी एवढं बरं वाटलं नसतं. तिचा हात हलका. कळी आपण सोलली गेलो हे कळीलाही कळू नये, असा. सहदेव दुसऱ्या गावच्या बायकांना तिचा प्लॉट दाखवायला आणायचा. तिच्यासोबत काम करणारी विमलबाई मोठी फटकळ. ती म्हणायची, "रुपाली, तुह्या चिमट्याची दृष्ट काढत जाय. लोकं तुले कमी न त्यालेच जास्त पाहून राह्यले." आणि मी उगाच चमकायचो.

मिरच्या पिकल्या, तोडल्या, अंगणात ताडपत्रीवर वाळल्या. वाळवण सांभाळणं आणि बिनधाग्याच्या मिरच्या पुरणं अंबूबाईंकडे होतं. बी काढून कंपनीला गेलं. कंपनी ते बी लगेच पास करत नाही. त्यातलं थोडं पेरून रोपं वाढवून बघते, सगळी एका जातीची निघतात की नाही. त्याला महिने लागतात. ते महिने रुपालीने पुढच्या हंगामाची स्वप्नं पाहण्यात घालवले. मलाही सहाणेवर घासून धार दिली.

आषाढात सहदेव आला. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेना, तेव्हाच मी समजलो. नमुना फेल झाला होता. भेसळीची रोपं फार निघाली. सगळा माल कंपनीने नाकारला आणि पुढच्या हंगामाला प्लॉट, म्हणजे कंपनीचं बियाण्याचं काम, मिळणं अवघड होतं.

रुपाली एवढंच म्हणाली, "मी एकही कळी अर्धवट सोलली नाही, भाऊ."

सहदेव खाली बघत म्हणाला, "ताई, मले मालूम आहे. पण रोपं खोटं बोलत नाही न."

त्या दिवशी तिने मला अंबाड्यातून उपसलं आणि ओसरीवरच्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. गंजके खिळे, तुटक्या कड्या, एक कुलूप ज्याची किल्ली कुणालाच माहीत नाही, असा तो शेजार. तिथून मला घर ऐकू यायचं, थोडं दिसायचंही.

काय काय ऐकलं. गावात बोललं जायचं की बाईचं लक्ष नव्हतं, मोबाइल बघत कळ्या सोलल्या असतील. उकंडराव म्हणाले, पाइप काढा, गोठ्याला लागतात. गोपाल भला माणूस, पण तो वडिलांसमोर फक्त मान हलवतो. नणंद सुचिता जालन्याहून रोज सकाळी मोबाइलवर उगवता सूर्य पाठवायची, खाली लिहिलेलं की सकारात्मक राहा, सगळं छान होणार. रुपाली तो सूर्य बघायची आणि मोबाइल पालथा ठेवायची. जिचा हंगाम बुडाला तिला रोज नवा सूर्य कशाला दाखवायचा, हे मला खिळ्यांत पडून कळत होतं, जालन्यात कळत नव्हतं.

रुपाली जेवेनाशी झाली. रिकाम्या शेडमध्ये भर उन्हात जाऊन बसते, असं गोपाल सांगायचा. ओसरीवर आली की स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायची, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. एकदा गोपालला म्हणाली, "माह्या हातातच खोट असंल. मले कळलंच नसंल." मित्रांनो, माल बुडाला त्याचं मला एवढं लागलं नाही जेवढं हे लागलं. कारण मी त्या हातात होतो. मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

मग एका दुपारी अंबूबाई ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. रुपाली खांबाला टेकलेली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, बिनधाग्याच्या मिरच्या पुरायचा खड्डा एवढा लहान कसा राहिला.

अंबूबाई डाळीतला खडा फेकत म्हणाल्या, "लहान राह्यला म्हंजे? चांगल्या चांगल्या मिरच्या का मातीत घालाव्या बाई? धागा गळून पडला असंल त्याईचा. मी निवडून निवडून वाळवणात सारल्या. सडक्या तेवढ्या पुरल्या."

म्हणजे भेसळ कळ्यांत नाही, वाळवणात झाली होती. त्या माउलीचं आयुष्य सांडलेला दाणा वेचण्यात गेलेलं. वाळवणाशी बसवलं की एक मिरची वाया जाऊ द्यायची नाही, हेच तिला ठाऊक. पिकलेलं चांगलं फळ पुरायचं हे तिला कुणी सांगितलं होतं, पण पटलं नव्हतं. आणि न पटलेली गोष्ट तिने मुकाट्याने सुधारली.

रुपाली उठली. तोंडावर पदर धरून आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"काऊन, काय झालं?" अंबूबाईंनी विचारलं आणि पुन्हा डाळ निवडू लागल्या.

पुढचे काही दिवस वाईट गेले. रुपाली सासूशी बोलेना. आता तिला ठाऊक होतं की हात शुद्ध आहेत. चावडीवर जाऊन ओरडून सांगावं असं तिला वाटत असेल. पण सांगितलं तर काय होईल हेही ठाऊक होतं. उकंडराव त्या बाईला मरेपर्यंत प्रत्येक जेवणात ती मिरची वाढतील. एकदा ती बोलायला गेली आणि अंबूबाईंचे सुरकुतलेले हात डाळीत फिरताना पाहून तशीच परतली. परतली म्हणून राग गेला असं नाही. राग तिथेच होता, तिच्याबरोबर भाकरी थापत होता.

पाइप मोजायला सहदेवला बोलावलं, कारण मांडव त्याच्या माणसांनी उभा केला होता. रुपाली त्याला म्हणाली, "भाऊ, भेसळ वाळवणात झाली. आमच्याच घरातून झाली. कळ्या बरोबर होत्या. हे कंपनीले सांगा, मग प्लॉट देवो का न देवो."

"घरातून म्हंजे कोणाकडून?"

"घरातून म्हटलं न, भाऊ."

अंबूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरताना मी पाहिली. खड्डा, वाळवण, सुनेचा अबोला. त्या पुढे आल्या आणि नवऱ्यासमोर, सहदेवसमोर सरळ म्हणाल्या, "मी मिसळल्या मिरच्या. पोरीचा कसूर नाही."

गोष्टींमध्ये खरं बोललं की सगळं ठीक होतं. आमच्या घरी पाइप तरी निघालेच. उकंडराव उठले. पाना घेऊन शेतात गेले आणि एका बाजूने जाळी सोडत आले. मध्यावर थांबले, असं गोपालने मागून सांगितलं. घाम पुसला. गोपालला म्हणाले, "राहू दे आता. म्हशीले एवढं बस झालं." त्यांची माफी तेवढीच, आणि ती अर्ध्या मांडवाएवढी.

कंपनीने प्लॉट दिला नाही. सहदेवने खरोखर विचारलं होतं, पण दिला नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. कुठला साहेब आला नाही, चुकीबद्दल कुणी हळहळलं नाही. अर्ध्या मांडवात रुपालीने वांगी लावली. आणि शेजारच्या गावातल्या एका प्लॉटवर ती मजुरीने कळ्या सोलायला जायला निघाली. जिथे ती मालकीण होती, त्याच कामाला दुसऱ्याच्या बांधावर. आज सकाळी तिने खिळ्यांचा डबा उपडा केला आणि मला पदराने पुसलं.

"आल्या का मालकीणबाई," विमलबाई तिथेही होतीच. "या, बसा. इथं साऱ्याईले सारखंच ऊन लागते." मग सरकून जागा दिली.

रुपालीने पहिली कळी धरली. मला जरा जास्तच दाबलं आणि आतला दांडा तुटला. दुसरीही गेली. मित्रांनो, मला वाटलं आता ती मला फेकून घरी जाणार. तिचे डोळे भरले होते आणि भरल्या डोळ्यांनी हे काम होत नाही. ती थांबली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले, वाहून संपेपर्यंत तशीच बसून राहिली. विमलबाईने एकदा पाहिलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्या फटकळ बाईचं एवढं शहाणपण मी कुठल्याच उगवत्या सूर्यात पाहिलं नव्हतं.

मग रुपालीने पुढची कळी धरली. पाकळ्या सुटल्या, निळ्या पिशव्या माझ्या टोकांत आल्या आणि मधला हिरवा दांडा जागच्या जागी ताठ उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. हसली वगैरे नाही. फक्त हलक्या आवाजात म्हणाली, "हाव, येते मले."

बालमित्रांनो, मी लहान वस्तू, माझी मागणीही लहान. काम झालं की माझ्यासारख्यांना पुसून कोरडं ठेवा, खिळ्यांत फेकू नका. आणि तुमच्या घरात कुणाचं काही बुडालं, परीक्षा, पीक, सामना, काहीही, तर त्या माणसाला लगेच उठवून हसवायला धावू नका. थोडं सरकून त्याला बसायला जागा द्या. रडून झालं की हातात काय उरलं आहे ते तो स्वतःच बघेल. कधी अर्धा मांडव उरलेला असेल. कधी नुसते हात. ते खरोखर आपलेच आहेत एवढं त्याला कळलं, तरी पुढच्या कळीपर्यंत पोचता येतं. त्याच्या पलीकडचं मला ठाऊक नाही. उद्या पुन्हा कामाला जायचं आहे.