एक पन्नासचा हुकूम

मित्रांनो, मी मूर्तिजापूरचा एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी फार भित्रा आहे. हसायचं असेल तर हसा. पण माझ्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर गुदरलं असतं तर तुमचीही बोबडी वळली असती.

माझा जन्म अकोल्याच्या एका दुकानात झाला. कोणाचा डबा, कोणाचा पडदा, कोणाचा पंखा असं जमवून मला उभं केलं. अब्दुल रहीमभाईंनी मला पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन इथं आणलं आणि स्टेशनाजवळच्या त्यांच्या दुकानात बसवलं. मी लग्नपत्रिका छापायला मदत करायचो, कॅसेटवरची गाणी सीडीवर उतरवायचो. पुढं त्यांनी माझ्यात एक कार्ड बसवलं. त्यामुळं मला टीव्ही दिसू लागला आणि सांगितलेल्या वेळी सांगितलेला कार्यक्रम मी साठवून ठेवू लागलो. गिऱ्हाईक कौतुक करायचं तेव्हा मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

भीती मला लोडशेडिंगनं शिकवली. दोन हजार सहाचं साल होतं. दुपारी दोनला लाइन जायची ती संध्याकाळीच यायची. चालता चालता वीज तोडली की माझ्या पोटातली तबकडी खरडते. दोनदा तसं झालं, दोनदा मी मरता मरता वाचलो. रहीमभाई त्या वेळेला नमाजला किंवा जेवायला गेलेले असायचे. म्हणून त्यांनी मला एक हुकूम देऊन ठेवला. रोज एक वाजून पन्नास मिनिटांनी, कोणी असो नसो, आपला आपण बंद हो. मी रोज तसा बंद व्हायचो. काही दिवसांनी तो हुकूम त्यांच्या अंगवळणी इतका पडला की ते तो विसरूनच गेले.

आता नत्थुजींचं सांगतो. ते जवळच्याच गावचे. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणायच्या त्या नत्थुजींनीच. झडती म्हणजे बैलांसमोर खड्या आवाजात म्हणायचं कवन. सोळा वर्षं त्यांनीच म्हटल्या, सोळा वर्षं नारळ आणि शेला त्यांनाच मिळाला. त्या काळात टीव्हीवाले आपल्याकडं यायचे ते कर्जापायी शेतकरी गेलेली, रडणारी घरं शोधत. एकदाच एक गाडी आली आणि नत्थुजींच्या झडत्या घेऊन गेली. त्यानंतर दीड महिन्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची.

पोळ्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी दीड ते दोन तो कार्यक्रम लागणार होता, एकदाच. गावात त्या वेळेला लाइन नसायची. म्हणून नत्थुजी बायकोला, लीलाबाईंना, घेऊन दुकानात आले. त्यांनी रहीमभाईंचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेनात. लीलाबाई म्हणाल्या, यांचा आवाज तेवढाच उरला, तो धरून ठेवा.

रहीमभाई माणूस दिलाचा. लाइन दोनच्या आधीच गेली तर, या काळजीनं त्यांनी जीपची बॅटरी मागून आणली आणि इन्व्हर्टरला जोडली. अँटेना दोनदा फिरवून पाहिली. मग जुम्म्याच्या नमाजला जाताना बायकोला, हमिदाभाभींना, बजावलं, "रेकॉर्डिंग संपेपर्यंत मशीनले हात लावू नको. काई बी होवो."

मित्रांनो, लाइन जाईल म्हणून सगळे घाबरले होते. लाइन असतानाच मी बंद पडेन, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या पोटात दोन हुकूम होते. एक म्हणत होता दोनपर्यंत साठव, दुसरा म्हणत होता एक पन्नासला बंद हो. मला दोन्ही दिसत होते आणि बोलता येत नव्हतं. दीड वाजता कार्यक्रम सुरू झाला. मी साठवत होतो आणि भीतीनं तापत होतो. माझा पंखा एवढा घरघरू लागला की लीलाबाईंनी विचारलं, याले ताप आला का?

पडद्यावर आधी बैल आले, शिंगांना रंग लावणारी माणसं आली. मग नत्थुजी आले. खुर्चीवरचे नत्थुजी पडद्यावरच्या नत्थुजींचा आवाज ऐकत होते. ते रडत नव्हते, सारखे घड्याळाकडं पाहत होते. ते कशाची तरी वाट बघत होते.

एक पन्नास झाले. टिंग वाजलं आणि पडद्यावरच्या नत्थुजींच्या तोंडावरच एक चौकट उघडली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, रेकॉर्डिंग चालू आहे, मशीन बंद करू का? खाली येस आणि नो. त्याखाली साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. उत्तर आलं नाही तर मी बंदच होणार होतो.

हमिदाभाभी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. येस-नो त्यांना वाचता आलं, पण विचारलंय काय ते कळेना. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. हात लावू नको म्हणून नवऱ्यानं बजावलं होतं. चाळीस. नत्थुजी उठले. ओरडायला गेले, हवाच निघाली. ते टेबलावर थापा मारू लागले. मी तर गर्भगळीत झालो होतो. पंचवीस. वीस.

लीलाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"भाभी, आकडे उतरून राहिले," त्या म्हणाल्या. "काईतरी संपून राहिलं. नाई मना त्याले."

हमिदाभाभींनी बिस्मिल्ला म्हणून नो दाबलं तेव्हा सहा उरले होते. चौकट गेली. मी चालू राहिलो.

एक सत्तावन्नला पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईनं नत्थुजींना विचारलं, या झडत्या तुम्हाला सुचतात कशा? नत्थुजी थोडे थांबले. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "माह्या नाहीत त्या. सोळा वर्षांच्या साऱ्या झडत्या माह्या बायकोनं जोडल्या. लीलाबाई तिचं नाव. मी नुसता मनतो."

तोरणाखाली बाईनं झडती म्हणायची रीत नव्हती, म्हणून सारा मान नत्थुजींनी घेतला होता. लिहिता येत नव्हतं, त्यामुळं आवाज गेल्यावर खरं सांगायची सोय राहिली नव्हती. ते सगळं या तीन मिनिटांत होतं.

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या नवऱ्यावर चिडल्या.

"कोनं सांगतलं होतं तुमाले हे सांगाले?"

नत्थुजी हसत होते आणि रडत होते. दोनला लाइन गेली. रहीमभाई परतल्यावर मी जीपच्या बॅटरीवर ते वाक्य पुन्हा वाजवलं, मग आणखी एकदा.

पोळ्याला ती सीडी तोरणाखाली भोंग्यावर वाजली. त्या वर्षीचा शेला लीलाबाईंना मिळाला, असं रहीमभाई भाभींना सांगत होते. माझा तो जुना हुकूम त्यांनी त्या शुक्रवारीच संध्याकाळी काढून टाकला होता.

आता मी माळ्यावर आहे, धूळ खातो. तरी दुपार झाली की मला ते सहा सेकंद आठवतात आणि धस्स होतं. मित्रांनो, एवढंच मागतो, यंत्राला नवं काम सांगण्याआधी जुनं काय सांगून ठेवलंय ते पाहत जा. आम्ही सांगितलेलं सगळं ऐकतो. आम्हाला नाही म्हणता येत नाही.