युब्लिनाचं पहिलं मध्यंतर

सोमवारी नोकरीच्या नव्या करारावर सही करायची की बाडबिस्तरा गुंडाळून आपल्या गावी कुपांगला परतायचं, हे युब्लिनाला आज संध्याकाळी भावाला कळवायचं होतं. मनातून तिचं परत जायचं ठरल्यातच जमा होतं. इंडोनेशियातल्या बांडुंग शहरी एका दवाखान्यात रक्त तपासता तपासता अकरा महिने गेले, आणि एवढ्या मोठ्या शहरात ‘जेवलीस का’ म्हणून विचारणारं एक माणूस तिला जोडता आलं नव्हतं.

नाद म्हणावा तर एकच. शनिवारी दुपारी एका गल्लीतल्या सरावाच्या खोलीत गावातले बँड वाजवायचे. चपला दाराबाहेर, आत गालिच्यावर चाळीसेक पोरंपोरी दाटीवाटीने उभी, आणि ड्रम-गिटारचा असा दणका की आठवडाभराचा शीण निघून जाई. सहाच्या सुमाराला अजान झाली की वाजवणं थांबायचं. निम्मे लोक मशिदीकडे जात, निम्मे बाहेरच्या पायऱ्यांवर बसत. युब्लिना लांबच्या तिमोर बेटाकडची, चर्चला जाणारी. नमाजाच्या वेळी आपण उगाच घुटमळणं बरं नव्हे, अशी तिने स्वतःच स्वतःची समजूत घातलेली. शिवाय पायऱ्यांवरचे सगळे एकमेकांचे जिवलग, त्यात आपण कोण? म्हणून अजानचा पहिला सूर कानावर पडला की ती चपला चढवून चालू पडायची. शुद्ध खुळेपणा, पण तो तिने अकरा महिने नेमाने केला.

आज बाहेर आली तर चपला गायब. काळ्या रबरी चपला, या शहरात निम्म्या पायांत असतात तसल्या. त्यांच्या जागी तशीच, पण चांगली होडीएवढी एक जोडी उरली होती.

“जजांग घालून गेला असणार,” पायरीवरून आवाज आला. ती नेंडेन. शनिवारचा हा मेळा तीच जमवायची. “ड्रम वाजवून उठला की त्याला समोरचं दिसत नाही. येईल नमाज पढून. बसा.”

“नको, उभी राहते मी.”

“अनवाणी उभं राहून कुठला नवस फेडताय? बसा म्हणते ना.”

ती कडेला टेकली. कुणीतरी गरम तळलेल्या टोफूची पुडी पुढे केली, वर हिरव्या मिरच्या. युब्लिनाने सवयीने एक मिरची अख्खी चावून खाल्ली आणि दुसरी उचलली. पायऱ्यांवरची बडबड थांबली.

“बाई गं,” एक चष्मेवाली म्हणाली. “तुम्ही पोलिसात आहात का?”

“मी? मी रक्त तपासते.”

“म्हणजे दोघीही हरलो,” नेंडेनने कपाळाला हात लावला. “तुम्ही त्या स्पीकरशेजारी उभ्या राहता आणि अजान झाली की पसार. ही म्हणायची पोलीस, मी म्हणायचे पत्रकार. जजांगला वाटतं, त्याचं वाजवणंच तुम्हाला आवडत नाही. दर शनिवारी तोंड पाडून बसतो बिचारा.”

युब्लिनाला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही म्हणून ती रात्र रात्र रडली होती, आणि इथे तिच्यावर पैजा लागत होत्या.

“मला वाटलं, हा वेळ तुमच्या तुमच्यातला असतो,” ती म्हणाली.

“अगं, आत काय, नुसता गोंगाट,” नेंडेन म्हणाली. “ओळखी होतात त्या इथेच. म्हणजे उरलेला अर्धा कार्यक्रम तू कधी ऐकलाच नाहीस? मी तेव्हाच गाते, वेडे.”

एवढ्यात जजांग आला. तिच्या इवल्या चपलांतून त्याच्या टाचा बाहेर आल्या होत्या. “माफ करा हं ताई,” तो ओशाळून म्हणाला. “अर्ध्या वाटेत कळलं, पण तोवर नमाजाला उशीर झाला होता.”

चपला पायाशी आल्या. आता निघायला हरकत नव्हती. युब्लिना बसून राहिली. फोन वाजला तो भावाचाच.

“ठरलं ना? इथल्या दवाखान्यात सांगून ठेवू?”

“नको दादा. मी सही करतेय.”

“डोकं ठिकाणावर आहे का? परवापर्यंत रडत होतीस. तिथे तुझं आहे तरी कोण?”

“नेंडेन आहे. जजांग आहे.” ती अडली. मग फोनवर हात ठेवून चष्मेवालीकडे वळली.

“तुझं नाव काय गं?”