तिसऱ्यांदा उखडलेले स्विच

धुळाजीनं तिसऱ्यांदा स्विच उखडायला सांगितले, तेव्हा वर्षाराणीनं हातातला टेस्टर बॉनेटवर आपटला. घनसावंगीत गाड्यांची वायरिंग करायला लागून तिला चार वर्षं झाली होती. पण सख्ख्या बापाएवढं किरकिरं गिऱ्हाईक तिनं बघितलं नव्हतं.

धुळाजीची जुनी जीप गोदाकाठच्या खाचखळग्यांतून मेंढरांच्या तळापर्यंत जायची. आधी त्याला पुढं दोन जादा लाइट हवे होते. तिनं रिले, फ्यूज टाकून नीट बसवले. चार दिवसांनी म्हणाला, उजेड कमी पडतोय. मग टपावर आणखी दोन चढले. आता तक्रार स्विचांची. स्टिअरिंगच्या उजवीकडं लावले, तर सापडत नाहीत म्हणाला. डावीकडं आणले, तर कोणता कशाचा ते कळत नाही म्हणाला. मधोमध घेतले, तर तेही पटेनात. दर खेपेला डॅशबोर्ड उघडा, वायरी ओढा, नवी भोकं पाडा. पत्र्याची पार चाळण झाली होती.

"आता कुठं लावू, आबा? तुमच्या डोक्यावर?"

"कुठंबी लाव. पर बोटाला कळाले पायजेत."

"बोटाला कशाला? चालू केला की स्विचातच लाल दिवा लागतो की."

धुळाजी स्विचांवरून बोटं चाचपत राहिला. तिनं एक स्विच दाबला आणि कोणता लागला ते विचारलं. शेडच्या सावलीत दिवा ठसठशीत दिसत होता. धुळाजी पुढं वाकला, डोळे बारीक केले आणि शेजारच्या बंद स्विचवर बोट ठेवलं.

वर्षाराणीचा राग क्षणभर कुठल्या कुठं गेला. परत आला तो दुपटीनं. तीन आठवडे ती लाइटवर लाइट चढवत होती आणि बिघाड भलतीकडंच होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून धुरकट दिसून राह्यलं, माय. तुझ्या आईला सांगू नको. ती जीप चालवू देनार न्हाई."

"आई कशाला? मीच न्हाई देत."

तिनं चावी काढून खिशात टाकली. तो रुसून जुन्या टायरवर बसला. तरी हातातलं काम तिनं पुरं केलं. जीप कुणीतरी चालवणारच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शेजारच्या सीटवर बसवून ती जालन्याला निघाली.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आणि पुढच्या सोमवारी ऑपरेशनला बोलावलं. परतताना धुळाजी रस्ताभर तिच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत होता. अंबडपर्यंत तिनं उत्तरं दिली. पुढं तो एकटाच बोलत राहिला.