अबोल्यातली धून

लाइन गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबेपर्यंत शैलाताईंनी वाट पाहिली, मग दिवाणावरचं रेकॉर्डिंगचं मशीन उचलून कापडी पिशवीत घातलं. वर हेडफोन ठेवले आणि त्यावर, गल्लीत कोणी विचारलंच तर दाखवायला, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या. वसंतराव पाठ करून खिडकीशी बसले होते. मांडीवरची हवाईयन गिटार त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

“तीन नंबर झाला,” ते खिडकीच्या गजांना म्हणाले. “आता चार नंबर तेवढा राहिला. कोणाले सांगायचं असंन तर सांगून द्या म्हणा.”

“गजांनी जाऊन सांगायचं की मी?”

गज काही बोलले नाहीत. शैलाताईंनी डोक्यावर पदर घेतला, चपला सरकवल्या आणि उन्हात उतरल्या.

गल्लीच्या पलीकडे, जरा तिरपं, अब्दुल सत्तारांचं गादी भांडार होतं. लहान मूलही एका दमात पळत जाईल एवढंच अंतर, पण वसंतरावांना ते दोन वर्षांत ओलांडता आलं नव्हतं. त्याआधी उभी हयात दोघांनी एकत्र वाजवलं. वसंतराव शाळेत गणित शिकवायचे, सत्तारभाई कापूस पिंजून गाद्या भरायचे आणि दिवेलागणीला एकाच्या मांडीवर आडवी हवाईयन गिटार नि दुसऱ्याच्या छातीशी साधी गिटार अशी बैठक बसायची. गणपतीचा मांडव असो, शाळेचं गॅदरिंग असो की पातूरकडच्या एखाद्या गावचं लग्न, मास्तर आणि सत्तार हे जोडनाव होऊन गेलं होतं.

ते जोडनाव तुटलं सत्तारभाईंच्या अफसानाच्या शादीत. नवे व्याही पुढच्या खुर्च्यांवर बसलेले, वसंतरावांनी खास त्या दिवसासाठी बसवलेली धून रंगात आलेली आणि मधेच त्यांनी वाजवणं थांबवलं. वर्गात गणित चुकलं की फळ्यापाशी थांबवायचं, ही मास्तरकीची खोड. माइक पुढ्यातच होता. “सत्तार, लय पडून राहिली तुई,” ते म्हणाले आणि ते साऱ्या मांडवानं ऐकलं. सत्तारभाईंनी गिटार भिंतीला टेकवली आणि पाहुण्यांना पाणी विचारायला निघून गेले. त्या दिवसापासून अबोला. “दोन शब्द बोलून टाका ना,” असं शैलाताईंनी किती वेळा म्हणून पाहिलं. “म्या का खोटं बोललो? पडलीच होती लय,” एवढंच उत्तर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून शाबूत होता.

मशीन सोहमनं पुण्याहून पाठवलं होतं. साबणाच्या दोन वड्या शेजारीशेजारी ठेवाव्यात एवढं ते, पेन्सिल सेलवर चालणारं. त्यात चार ट्रॅक. एकावर वाजवून ठेवायचं, मग तेच कानात ऐकत दुसऱ्यावर वाजवायचं, मग तिसऱ्यावर. शेवटी सगळं एकदम वाजतं, जणू चार माणसं एका सतरंजीवर बसली आहेत. “बाबा, आता साथीला कोणी नको. तुम्हीच तुमची साथ करा,” असं मुलानं फोनवर सांगितलं. वसंतरावांनी पहिल्या ट्रॅकवर ती अर्धी राहिलेली धून वाजवली, मग उसनी साधी गिटार घेऊन स्वतःच स्वतःला साथ करायला बसले. आठवडाभर झटून जे निघालं ते ऐकून शेजारच्या शकुनबाईंनी विचारलं, “मास्तर, छपराचे पत्रे बदलून राहिले का?” दुसऱ्या दिवशी मशीन दिवाणावर उघडं पडलं होतं आणि वसंतराव भिंतीला सांगत होते, “दोन नंबर रिकामा आहे.” शैलाताईंना एवढं पुरे होतं. त्यांनी मशीन सत्तारभाईंकडे नेलं आणि दोन नंबर भरून परत आणला.

आता त्या भांडारात शिरल्या तेव्हा सत्तारभाईंच्या पत्नी रईसाभाभी उशीची खोळ शिवत होत्या. शिवणयंत्र पायाचं असल्यामुळे लाइन नसली तरी त्यांचं अडत नसे.

“या भाभी. किती ऊन! पानी घ्या पयले.”

“सत्तारभाई?”

“मागंच हाय. तुमची वाटच पाहून राह्यले सकाळपासून. वरून म्हनतात, मी काई वाट नाई पाहत.”

मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. या खोलीत बोललेला शब्द जागीच मऊ होऊन बसे. बाहेरचा हॉर्न नाही, घुमारा नाही. वसंतरावांच्या घरात कूलर बंद असला तरी गल्लीचे आवाज मशीनमध्ये शिरत. इथे फक्त तारा ऐकू येत. उन्हाची एक पट्टी कौलांतून खाली उतरली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगत होते, की शैलाताईंना आपण पाण्याखाली बसलो आहोत असं वाटायचं. या खोलीत आलं की त्यांना घरी जायची घाई उरत नसे.

सत्तारभाईंनी हेडफोन लावले, डोळे मिटले आणि तिसरा ट्रॅक ऐकला. मग कापसाच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, “मास्तरले सांगा, यावेळी दुसऱ्या कडव्यात घाई नाई केली. चांगलं वाजवलं.”

शैलाताईंनी मान हलवली. हा निरोप त्या पोचवणार होत्या, पण त्यामागची गोष्ट सत्तारभाईंना ठाऊक नव्हती. या मशीनमध्ये टिकटिक वाजायची सोय होती, लय सांभाळायला. मागच्या आठवड्यात वसंतरावांनी ती प्रथमच लावली आणि आपला पहिला ट्रॅक तिच्यासोबत ऐकला. ऐकता ऐकता त्यांनी हेडफोन काढले, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. मग पुन्हा ऐकलं. “मीच पळत होतो,” ते म्हणाले. ना भिंतीला, ना गजांना. शैलाताईंनी “काय?” म्हणून विचारलं तेव्हा, “काही नाही,” म्हणून त्यांनी पुन्हा गिटार मांडीवर घेतली. लय सत्तारभाईंची पडली नव्हती. यांची पळाली होती. ते वाक्य नवऱ्यानं एकदा त्या माणसासमोर उच्चारावं, एवढीच आता शैलाताईंची इच्छा होती. आणि त्याला वेळ फार थोडा होता.

कारण गादी भांडार बंद होणार होतं. आजूबाजूच्या गावांत दोन हंगाम लग्नं निघाली नव्हती, निघाली ती चार माणसांत उरकली. रुखवतात गादी कोण देणार? ज्यांना परवडे ते फोमची नेत. त्यांच्या मुलानं, उजैरनं, अमरावतीला राजापेठेत मोबाइलचं दुकान टाकलं होतं, तो आईबापाला बोलावत होता. परवा टेम्पो येणार होता.

“भाभी, उद्या या घ्यायले,” सत्तारभाई म्हणाले. “चार नंबर निवांत वाजवतो. अखेरचाच हाय.”

दुसऱ्या दिवशी त्या मशीन घेऊन घरी आल्या तेव्हा वसंतराव वाचनालयात गेले होते. लाइन गेलेलीच होती. शैलाताई झोपाळ्यावर बसल्या, हेडफोन चढवले आणि सगळे ट्रॅक एकदम लावले.

धून सुरू झाली. हवाईयन गिटारचा तो लांब, ओढ लागलेला सूर, त्याच्याखाली सत्तारभाईंचे भरदार स्वर आणि आता या चौथ्या ट्रॅकवर एकेक तार छेडत येणारी दुसरी गिटार, जिथे वसंतराव श्वास घेत तिथे अलगद पाऊल टाकणारी. झोपाळा आपोआप हलू लागला. शैलाताईंना मांडव दिसला, अफसानाची मेंदी दिसली, अजून केस काळे असलेले दोन पुरुष दिसले, ओट्यावर शेजारी बसून काहीच न बोलता तारा जुळवणारे. मांडवात जिथे धून तुटली होती ती जागा आली आणि गेली. धून पुढे चालत राहिली. पुढचा भाग शैलाताईंनी सबंध असा कधी ऐकलाच नव्हता. इतकं सुंदर होतं ते, की त्यांचे डोळे भरून आले.

धून संपली आणि त्यांना धस्स झालं.

झालं की. पुरी झाली. आता मशीन कोणाकडे न्यायचं? कशासाठी? संध्याकाळी वसंतराव हे ऐकतील, मान डोलवतील, म्हणतील, छान झालं. जे बोलायचं ते बोलून झालं असं त्यांना वाटेल. सत्तारभाईंनाही वाटेल. उद्या टेम्पो भरेल, हे खिडकीशी उभे राहतील आणि मग कधीतरी अमरावतीहून कोणाच्या तरी तोंडून बरी-वाईट खबर येईल. दोन हट्टी म्हाताऱ्यांना समेट न करता समाधान मिळवून द्यायची युक्ती आपणच केली, पिशवीत घालून पोचवली. शैलाताईंना स्वतःचा भयंकर राग आला.

कोणतं बटण कशाचं, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. त्यांनी चार नंबर निवडला. रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर बोट ठेवलं. सत्तारभाईंचा डोळे मिटून ऐकणारा चेहरा समोर आला. “माफ करा भाई,” असं पुटपुटून त्यांनी बटण दाबलं आणि धूनभर त्या तशाच, जागच्या न उठता, बसून राहिल्या. बाहेर होला घुमत होता, झोपाळ्याबरोबर हातातल्या बांगड्या बारीक किणकिणत होत्या. दुपार हळूहळू त्या चौथ्या ट्रॅकवर भरत गेली.

वसंतराव आले, हातपाय धुतले, काही न विचारता मशीन घेऊन खिडकीशी बसले. शैलाताई कणीक मळायला घेऊन तिथेच दारात बसल्या. हेडफोनखालचा नवऱ्याचा चेहरा त्यांना अर्धा दिसत होता. कपाळाला आठी पडली. बोट मशीनवर फिरलं. त्यांनी इतर ट्रॅक बंद करून चौथाच ऐकायला घेतला. ऐकता ऐकता त्यांची मान सावकाश वळली आणि नजर शैलाताईंच्या मनगटावर येऊन थांबली. कणीक मळताना बांगड्या किणकिणत होत्या. शैलाताईंनी हात थांबवले.

“पिशवीत बटन दबलं असंन,” त्या म्हणाल्या. “पुसलं गेलं का?”

वसंतरावांनी मशीन पुढ्यात ओढलं. मशीनवर एक बारीक दिवा लुकलुकत होता. त्यांचं बोट त्या दिव्यापाशी गेलं आणि तिथे टेकण्याआधीच थांबलं.

“ते काय लुकलुकून राहिलं?”

“काही नाही,” वसंतराव म्हणाले. त्यांनी मशीन बंद केलं, मागचं झाकण काढलं आणि सेलही काढून ठेवले. “गेलं ते गेलं. आता हे असं जाऊन-येऊन नाही जमायचं. समोर बसूनच वाजवा लागंन.”

“उद्या तर टेम्पो आहे त्यांचा.”

“मंग परवा जाऊ. राजापेठेत दुकान विचारलं तर सापडंन.” ते उठले आणि पलंगाखालून गिटारची पेटी ओढू लागले. “मले त्याले एक सांगायचं पण आहे.”

दिवेलागणीला लाइन आली. कूलर घरघरू लागला, गल्लीतल्या साऱ्या घरांतून एकदम आवाज उठले आणि सोहमचा फोन आला. परवा अमरावतीला का जाणार म्हणून तो विचारत होता. शैलाताईंनी आवाज खाली घेऊन सांगितलं की सत्तारकाकांचं वाजवलेलं चुकून पुसलं गेलं.

“एवढंच ना? मग कशाला जाता उन्हाचं?” सोहम हसला. “अगं आई, पुसलेलं लगेच जात नसतं. एक छोटा दिवा लुकलुकतो बघ, ते बटण दाबलं की आधीचं जसंच्या तसं परत येतं. फक्त मशीन बंद करायचं नाही. बाबांना विचार, त्यांना पक्कं माहीत आहे. दिवसातून दहा वेळा ते वापरतात.”

शैलाताईंनी आत पाहिलं. वसंतराव आरशासमोर उभे राहून, कोणी बघत नाही अशा समजुतीनं, ओठ हलवत होते. काहीतरी एक वाक्य म्हणून पाहत होते, थांबत होते, मान हलवून पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते.

“नाही रे,” त्या फोनवर म्हणाल्या, “आमच्या मशीनले तसं बटन नाही.”